शुगर निघाली, आता मनाला कसे सावरायचे?

मधुमेहाविषयी लिहिताना बहुधा पथ्य, गोळ्या आणि व्यायाम यांवरच भर दिला जातो. ते योग्यच आहे. परंतु रक्त तपासणीचा कागद हातात पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे रुग्णाच्या मनात काय चालते, याकडे डॉक्टरांचे, घरच्यांचे आणि खुद्द रुग्णाचेही दुर्लक्ष होते. आजच्या लेखात आपण याच विषयाचा विचार करू. कारण मन सावरले नाही तर पथ्य टिकत नाही, गोळ्या मध्येच सुटतात आणि पुढच्या तपासणीला रुग्ण येतच नाही.

राळेगणसिद्धी काय किंवा पारनेर तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव काय, चित्र साधारण सारखेच दिसते. पन्नाशीच्या आसपासचा शेतकरी. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, तहान फार लागते, वजन उतरले आहे, किंवा पायाची जखम बरी होत नाही. कधी कधी कसलाही त्रास नसतो; डोळ्यांच्या शिबिरात सहज म्हणून रक्त तपासलेले असते. मग कोणीतरी सांगते, "तुम्हाला शुगर निघाली." त्यानंतर डॉक्टर दहा मिनिटे काय बोलले, यातले रुग्णाला घरी गेल्यावर दोन वाक्येही आठवत नाहीत. डोक्यात एकच विचार घुमत असतो : आता माझे कसे होणार?

धक्का का बसतो?

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत मधुमेहाचा एखादा वाईट अनुभव असतोच. कोणा नातेवाइकाचा पाय काढावा लागलेला असतो, कोणाची नजर गेलेली असते, कोणाला डायलिसिसवर जावे लागलेले असते. मधुमेह म्हटले की तेच माणूस डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्याच गावात मधुमेह असूनही वीस-पंचवीस वर्षे शेती, दुकान, नातवंडे, वारी असे सगळे नीट सांभाळणारी माणसेही असतात. त्यांची चर्चा होत नाही, कारण त्यांच्याबाबतीत सांगण्यासारखे विशेष काही घडलेले नसते. आपली भीती ज्यांचे बिघडले त्यांच्याकडे पाहून तयार झालेली असते, हे प्रथम लक्षात घ्यावे.

दुसरे कारण असे की, हा आजार "बरा झाला" म्हणून संपत नाही. ताप येतो, औषध घेतले की जातो. मधुमेहाला मात्र रोज थोडे लक्ष द्यावे लागते. काल सकाळपर्यंत निरोगी समजला जाणारा माणूस संध्याकाळी आयुष्यभराचा रुग्ण ठरतो. यात काहीतरी गमावल्याचे दुःख असते. असे दुःख होणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ते साहजिक आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतेही.

"मी काय एवढे गोड खाल्ले?"

नव्या रुग्णाच्या तोंडून हमखास निघणारा हा प्रश्न. त्यामागे एक अपराधीपणा असतो. आपल्याच हातून काही चुकले, त्याची ही शिक्षा, असे अनेकांना वाटते. घरचेही कधी कधी बोलून जातात, "चहात तीन-तीन चमचे साखर घ्यायचा, मग दुसरे काय होणार?" काही जण याच्या उलट म्हणतात, "मी तर काडीसारखा बारीक. दिवसभर रानात राबतो. शुगर जाड्या माणसांना होते, मला कशी होईल?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील संशोधनाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी कुटुंबांतील नवजात बाळे वजनाने इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त, अशी ही ठेवण. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःची आणि आपले इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात सुमारे २१ टक्के निघाले.

म्हणजे मधुमेहाची तयारी काही अंशी आईच्या पोटातच झालेली असू शकते. त्यात घराण्यातील वारसा मिसळतो. वय वाढते. शेतातली मोट जाऊन मोटार आली, पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली, भाकरीच्या जागी बेकरीचे पदार्थ आले, त्याचाही परिणाम होतो. एवढ्या सगळ्या कारणांपैकी चहातली साखर हे केवळ एक कारण. आहारात आणि हालचालीत सुधारणा करणे आपल्या हातात आहे, आणि ती करायचीच आहे. परंतु झालेल्या आजाराचा सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेण्याचे कारण नाही. जो स्वतःला गुन्हेगार समजतो तो डॉक्टरकडे जायला लाजतो, आणि लाजेपोटी गेलेली वर्षे फार महाग पडतात.

आपण एकटे आहोत, हाही गैरसमज सोडावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील २० वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के आढळले होते. त्या हिशेबाने ग्रामसभेला २०० माणसे बसली असतील तर त्यांत १३ जण मधुमेहाचे असू शकतात. त्यांतील कितीजणांनी ते उघडपणे सांगितलेले असते?

मन कोणकोणत्या वाटांनी जाते?

सर्वांच्या मनाची वाटचाल सारखी नसते. परंतु पुढील चार अवस्था वारंवार दिसतात. आपण सध्या कोठे आहोत हे रुग्णाने आणि घरच्यांनी ओळखले तर अर्धे काम होते.

१. नाकारणे : "लॅबवाल्याची चूक असेल." एकदा खात्री करून घेण्यात गैर काहीच नाही. त्रास नसताना केवळ एका तपासणीत साखर वाढलेली आढळली तर डॉक्टर स्वतःच दुसरी तपासणी करायला सांगतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.५ किंवा अधिक, या मधुमेहाच्या खुणा आहेत. परंतु खात्री झाल्यानंतरही लॅब बदलत राहणे, किंवा "मला काही त्रासच नाही, मग औषध कशाला?" म्हणून कागद फडताळात ठेवून देणे, हे नाकारणेच होय. मधुमेह बराच काळ दुखत-खुपत नाही, हेच त्याचे कपट आहे.

२. राग : "गावात दारू पिणारे धडधाकट फिरतात, मी माळकरी आणि मलाच हे का?" हा राग कधी बायकोवर निघतो, कधी जेवणाच्या ताटावर. घरच्यांनी तो मनाला लावून घेऊ नये. राग आजारावर असतो, माणसांवर नसतो.

३. सौदा : "गोळी नको, मी कारल्याचा रस पितो." "जांभळाच्या बियांची पूड घेतली की उतरते म्हणतात." कारले, मेथी हे चांगले पदार्थ आहेत, जेवणात जरूर असावेत. परंतु डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी बंद करून त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. "एका महिन्यात मुळापासून मधुमेह घालवतो" असे सांगणारा माणूस आपल्या आजाराला लागू पडणारे काही देत नसतो. तो आपल्या भीतीचा धंदा करत असतो.

४. खचणे : "आता काय राहिले?" असे म्हणून माणूस गप्प होतो. कशात लक्ष लागत नाही. झोप लागत नाही. काही जण अशा वेळी पथ्य पूर्ण सोडून देतात, तर काही जण इतके कडक करतात की दोन आठवड्यांत ताकदच संपते.

या अवस्था ठरलेल्या क्रमानेच येतात असे नाही. आज माणूस सावरलेला दिसतो, आणि सहा महिन्यांनी साखर पुन्हा वाढली की परत राग येतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

चिंतेने साखर वाढते का?

होय, वाढू शकते. संकट आले की शरीर लढण्याची तयारी करते. ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल यांसारखी द्रव्ये रक्तात सोडली जातात. त्यांच्या हुकमाने यकृत आपल्याजवळची साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. बिबट्या समोर आला तर पळण्यासाठी ही साखर उपयोगी पडेल. परंतु कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, पडलेला कांद्याचा भाव आणि त्यात हा नवा आजार, या चिंतांपासून पळता येत नाही; साखर तशीच रक्तात राहते.

चिंतेचा दुसरा परिणाम अधिक मोठा आहे. काळजीत असलेला माणूस वेळेवर जेवत नाही, चालायला जात नाही, गोळी विसरतो, तंबाखू वाढवतो. साखर वाढते. ती वाढलेली पाहून काळजी आणखी वाढते. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते.

मधुमेह सांभाळण्याचा जो रोजचा ताण येतो त्याकडे डॉक्टरही आता गांभीर्याने पाहू लागले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हा ताण मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. पथ्य न पाळणारा प्रत्येक रुग्ण आळशी किंवा बेफिकीर नसतो. अनेकदा तो थकलेला आणि घाबरलेला असतो. अशा माणसाला रागावून काही साधत नाही.

राळेगणसिद्धीकडून घेण्यासारखा धडा

राळेगणसिद्धीचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सर्वांना पाठ आहे. तरीही मधुमेहाच्या नव्या रुग्णाने ते वेगळ्या नजरेने पाहावे असे आहे.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा गावात पाणी नव्हते आणि दारूच्या भट्ट्या होत्या. गावच्या पाझर तलावात पाणी टिकत नव्हते. पाऊस का पडत नाही, म्हणून गाव रडत बसले असते तर आजही तसेच राहिले असते. पाऊस वाढवणे कोणाच्याच हाती नव्हते. पडलेले पाणी अडवणे हातात होते. गावकऱ्यांनी श्रमदानाने तलाव दुरुस्त केला, आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी दिसले. त्या पाण्याने गावाचा स्वतःवरचा विश्वास परत आला. मग नालाबांध, चर, झाडे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे एकेक काम पुढे सरकत गेले. पाणी थोडे म्हणून जास्त पाणी पिणारी पिके टाळली गेली.

मधुमेहाचेही असेच आहे. तो का झाला, याला आता इलाज नाही. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे मात्र मोठ्या प्रमाणात आपल्या हातात आहे. इंग्लंडमध्ये नव्यानेच मधुमेहाचे निदान झालेल्या ३,८६७ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर अधिक चांगली आटोक्यात ठेवली होती, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पहिल्या वर्षांत घेतलेल्या काळजीचा फायदा पुढेही बराच काळ टिकून राहतो, असेही त्याच रुग्णांच्या नंतरच्या पाहणीत दिसले. पहिल्या पावसात बांध घातला तर पाणी पुढची कित्येक वर्षे मुरते, तसाच हा प्रकार.

राळेगणने नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री मानली. मधुमेहाच्या नव्या रुग्णासाठीही पहिल्या तीन महिन्यांची एक पंचसूत्री सांगता येईल.

पहिल्या तीन महिन्यांची पंचसूत्री

पहिले सूत्र : सांगा. घरात निदान एका माणसाला सगळे मोकळेपणाने सांगा. आजार लपवला की चोरून गोळी घ्यावी लागते, लग्नात आग्रहाने वाढलेली जिलेबी नाकारता येत नाही, आणि चक्कर आली तर काय झाले हे कोणालाच कळत नाही. मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून लपवणारे पुष्कळ आहेत. परंतु लपवलेला मधुमेह पुढे पायाच्या जखमेच्या रूपाने उघडा पडतो; तेव्हा खर्चही मोठा होतो आणि चर्चाही.

दुसरे सूत्र : लिहा. एक साधी वही घ्या. तारीख, साखरेचा आकडा, वजन, रक्तदाब, आणि त्या दिवशी मनाला काय वाटले ते एका ओळीत. आकडा वाईट आला तर स्वतःला शिव्या देऊ नका. विहिरीत दोर टाकून पाणी मोजतो तेव्हा आपण विहिरीवर रागावतो का? पाणी किती आहे ते कळले की पीक ठरवता येते, एवढाच त्याचा उपयोग. साखरेच्या आकड्याचाही तेवढाच उपयोग आहे.

तिसरे सूत्र : एका वेळी एक बदल. सोमवारी साखर बंद, भात बंद, तेल बंद, पहाटे पाच किलोमीटर चालणे सुरू, असा निश्चय करणारे बहुधा पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त चहातली साखर कमी करा. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे वेशीपर्यंत चालत जाऊन या. त्यानंतर ताटातली भाकरी एकाने कमी करून मटकी, हुलगा किंवा पालेभाजी वाढवा. बाजरी-ज्वारीची भाकरी चालते. पण ती हवी तितकी खाऊन चालत नाही. गूळ आणि साखर यांत मधुमेहाच्या दृष्टीने फारसा फरक नाही, हेही लक्षात ठेवा.

चौथे सूत्र : घराने मिळून. श्रमदान एकट्याने होत नाही. "बाबांचे वेगळे शिजवा" असे झाले की बाबांना घरातच परके वाटते. मधुमेहाचा म्हणून जो आहार सांगितला जातो तो खरे तर घरातल्या सर्वांसाठीच चांगला आहे. पुढच्या पिढीला धोका आहेच, तेव्हा त्यांचाही त्यात फायदा आहे. ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे त्यांनी तिशीनंतर दरवर्षी रक्त तपासून घ्यावे.

पाचवे सूत्र : तारीख चुकवू नका. निदान झाल्यावर एकदा आणि नंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना आणि मूत्रपिंडासाठी लघवी व रक्त तपासून घ्यावे. भीती वाटते म्हणून तपासणी टाळणारे अनेक असतात. परंतु हे विकार सुरुवातीला कळले तर त्यांना रोखण्याचे उपाय आहेत. तपासणीमुळे आजार येत नाही. तो आधीच आला असेल तर लवकर सापडतो. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आपल्या गावच्या आशाताईंना विचारावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

घरच्यांचे प्रेम अनेकदा पोलिसी वेष घेऊन येते. "हे खाल्ले का? ते कशाला घेतले? परवाच डॉक्टरांनी सांगितले ना?" दिवसातून दहा वेळा असे ऐकले की माणूस चोरून खाऊ लागतो. त्याऐवजी "चला, मीही येते चालायला" हे एक वाक्य अधिक काम करते. पाहुण्यांसमोर पथ्याचा विषय काढू नये. लहान मुलांसमोर "आजोबांना शुगर आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे" असे बोलू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण असते. आजार तिला, आणि स्वयंपाकही तिलाच करायचा. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणे, शेतातून उशिरा येऊन दुपारचे जेवण टाळणे, स्वतःच्या गोळ्यांना पैसे नकोत म्हणून चार दिवस गोळी न घेणे, हे घरोघरी चालते. ती तक्रार करत नाही, म्हणून ती बरी आहे असे घरातल्यांनी समजू नये. तिच्या गोळ्या संपल्या का, हे मुलाने किंवा नवऱ्याने महिन्यातून एकदा स्वतः पाहावे.

चहा, सप्ताह आणि उपवास

खेड्यात आजाराची खरी परीक्षा घराबाहेर होते. पाच घरी गेलो तर पाच कप चहा. नाही म्हटले तर घरमालकाला राग. यावर उपाय म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले एक वाक्य : "बिनसाखरेचा अर्धा कप द्या, बसतो मी." चहा नाकारला तर लोकांना वाईट वाटते, साखर नाकारली तर सहसा वाटत नाही. हरिनाम सप्ताहातल्या पंगतीला जरूर बसावे. आमटी-भाकरी घ्यावी, बुंदीचा प्रसाद म्हणून एक कण घ्यावा. लोकांत जाणेच बंद केले तर साखर एखादे वेळी थोडी उतरेल, पण माणूस मनाने उतरेल.

उपवासाबाबत मात्र काळजी घ्यावी. राळेगणसिद्धीचे नाव उपोषणांमुळे देशभर गेले आहे. आणि चतुर्थी-एकादशी तर आपल्या घरोघरी असतात. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, धडधड, एकाएकी लागलेली भूक, भान हरपल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. साबुदाणा, बटाटा, वरई यांच्या फराळाने याउलट साखर वाढते. तेव्हा उपवास करायचा असेल तर गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना आधी विचारावे.

काही नेहमीच्या शंका

शंका : एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, म्हणून सुरूच करू नये का?
समाधान : गोळी ही व्यसन नव्हे. चष्मा लावल्याने डोळा बिघडत नाही, तसेच गोळीने मधुमेह वाढत नाही. वजन, आहार आणि हालचाल यांत चांगली सुधारणा झाली तर काही रुग्णांच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात, काहींच्या थांबवतातही. ब्रिटनमधील एका अभ्यासात, ज्यांचा मधुमेह जुना नव्हता आणि वजन जास्त होते अशा रुग्णांना देखरेखीखाली अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर त्यांतील ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. परंतु हे स्वतःच्या मनाने करण्याचे काम नव्हे, आणि ज्यांना ते साधले नाही त्यांनी खंत करू नये.

शंका : डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले. म्हणजे शेवटची अवस्था आली का?
समाधान : नाही. काही वेळा सुरुवातीला साखर फार वाढलेली असते म्हणून किंवा शस्त्रक्रियेपुरते इन्सुलिन देतात. पुष्कळ वर्षांनी स्वादुपिंड थकले तरीही द्यावे लागते. १९२१ साली कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला, त्यापूर्वी मधुमेही मुले हाती लागत नसत. ज्या औषधाने त्यांचे प्राण वाचू लागले त्याला आपण मरणाची खूण समजावे, हे उलटेच झाले.

शंका : माझी साखर आटोक्यात आहे, तरीही मन उदास असते. हा मधुमेहच का?
समाधान : मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. पुढचा भाग नीट वाचावा.

मदत केव्हा घ्यावी?

सुरुवातीची उदासी हळूहळू कमी होत जाते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, आवडत्या कामातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, स्वतः घरावर ओझे झाल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. "मनाचे औषध म्हणजे वेड्याचे औषध" हा समज आता तरी सोडावा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांवर उपचार मिळतात. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी बोलत असेल तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, शेतातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. विचारले म्हणून तसा विचार मनात येतो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारले, या एका गोष्टीने पुष्कळांचे ओझे हलके होते.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मधुमेहाशी पहिल्या महिन्यात मैत्री होत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. वहीत रोज एक ओळ, रात्री पंधरा मिनिटे चालणे, घरातला एक विश्वासाचा माणूस आणि तीन महिन्यांनी दवाखान्याची एक तारीख, एवढ्यापासून सुरुवात करावी. तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा आकडा थोडा जरी खाली आला, तरी मनाला जो धीर येईल तो कोणाच्याही उपदेशाने येणार नाही.

(पुढील आठवड्यात : मधुमेह आणि पायांची निगा – अनवाणी रानात जाणाऱ्यांसाठी)